पाण्यात सोडायचा श्वास

"काका, बुडबुडे कुठं आहेत?"

आचल मॅडमचा हा प्रश्न किसनरावांनी इतक्या वेळा ऐकला होता की आता तो कानावर पडला की त्यांचा जबडाच आवळायचा. आणि जबडा आवळला की बुडबुडे येण्याची उरलीसुरली आशाही संपायची.

पोहण्याच्या तलावाच्या उथळ बाजूला, काठाच्या नळीला धरून, सकाळच्या बॅचचे मोठे विद्यार्थी ओळीनं उभे होते. सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. शिटी वाजली की सगळ्यांनी तोंडं पाण्यात घालायची आणि नाकातोंडानं हळूहळू श्वास सोडायचा, एवढाच धडा. उत्तमरावांच्या कानांभोवती भाताला उकळी फुटावी तसे बुडबुडे फुटत होते. डोमाजींच्या भोवतीही. फक्त किसनरावांच्या डोक्याभोवतीचं पाणी झोपल्यासारखं निवांत होतं.

किसनराव वर आले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "सोडतो ना मी."

"कधी? घरी गेल्यावर?" काठावर उकिडवी बसलेली आचल म्हणाली.

ओळ हसली. उत्तमराव सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत कमी हसले, पण हसले. तेवढं किसनरावांना पुरेसं लागलं.

कारण या उत्तमरावांना इथं आणलं होतं ते किसनरावांनीच. दोघं अमरावतीच्या गाडगेनगरात शेजारी. उत्तमराव सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, किसनराव हायस्कुलातून. तिथं ते चित्रकला शिकवत. डॉक्टरांनी किसनरावांना गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं तेव्हा एकट्यानं जायला संकोच वाटला, म्हणून त्यांनी उत्तमरावांना ओढलं. उत्तमरावांची पाण्याशी ओळख बादलीपुरतीच होती. पहिल्या दिवशी शिडी उतरताना त्यांनी किसनरावांचं मनगट असं धरलं होतं की बोटांचे वळ दुपारपर्यंत गेले नाहीत. किसनराव म्हणाले होते, "घाबरू नका, मी आहे. मी लहानपणापासून पोहतो."

आणि आता तीन महिन्यांनी उत्तमराव तोंड पाण्यात घालून, एका कुशीवर वळून श्वास घेत, या काठाहून त्या काठाला जात आणि परत येत. वेग काही फार नव्हता. पण सरळ जात, आणि बाहेर आल्यावर चहा पिऊन आल्यासारखे बोलत. लहानपणापासून पोहणारे किसनराव मात्र मान ताठ वर काढून, हनुवटीनं पाणी कापत, जोरात सुटत. जाताना ते उत्तमरावांच्या पुढे असत. येताना अर्ध्यातच त्यांची छाती फुटायला यायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि हात पाण्यावर ताणलेल्या दोरीकडे जायचा.

"तुमी हवा घेता अन् तिजोरीत ठेवून देता," आचल सांगायची. "जुनी हवा बाहेर नाही गेली तं नवी कुठं ठेवणार? मान वर म्हणून पाय खाली. पाय खाली म्हणून दम."

समजायला सोपं होतं. किसनरावांनी मुलांना माणसाच्या बरगड्या काढायला शिकवल्या होत्या. छातीत किती जागा असते हे त्यांना काय सांगायचं? पण तोंड पाण्यात गेलं की ओठ असे मिटत की जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

एवढ्यावर भागलं असतं तर किसनरावांनी गुडघ्यांपुरतं हातपाय मारून घेतले असते. पण मार्चमध्ये अकोल्याची स्पर्धा निघाली. वयस्क जलतरणपटूंची. आचलनं ठरवलं की आपल्या बॅचमधून साठीच्या वरच्या पुरुषांची चौघांची रिले टीम न्यायची. तिघं ठरल्यासारखेच होते. चौथी जागा किसनराव किंवा उत्तमराव.

आणि किसनरावांनी त्याच संध्याकाळी अकोल्याला फोन करून नत्थुजींना सांगून टाकलं.

नत्थुजी हे त्यांचे थोरले भाऊ. मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बागेत दोघं वाढले, बागेतल्या विहिरीत दोघं पोहायला शिकले. पण पोहणारे म्हटलं की नाव नत्थुजींचं. ते कठड्यावरून उडी घ्यायचे, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. किसना पायऱ्या उतरून पाण्यात शिरायचा. पुढे जन्मभर तेच चाललं. बाग नत्थुजींनी वाढवली, बाजारात शब्द नत्थुजींचा चालला. किसना शहरात जाऊन पोरांना फुलदाण्या काढायला शिकवत राहिला. आता नत्थुजी सत्तरीला आले होते, कंबर गेली होती, अकोल्याला मुलाकडे, गजेंद्रकडे, राहत होते.

फोनवर किसनराव बोलणार होते की, अजून निवड व्हायची आहे, बघू. पण नत्थुजी म्हणाले, "तू? स्पर्धेत?" आणि त्या दोन शब्दांवर किसनरावांची जीभ घसरली. "हो," ते म्हणाले, "मी पोहतोय. चौघांत आहे."

मग नत्थुजी म्हणाले, "कोन्त्या दिवशी हाय थे सांग. गजेंद्रले म्हणतो मले घेऊन चाल. तुले पाहाले येतो."

नत्थुजी आजवर किसनाला बघायला कुठंच आले नव्हते.

तेव्हापासून किसनराव जिद्दीनं सरावाला लागले, आणि जितके जिद्दीनं लागले तितका जबडा घट्ट झाला. तलावात लाज वाटते म्हणून असेल, असं समजून एका दुपारी त्यांनी न्हाणीघराचं दार लोटलं, भरलेल्या बादलीपुढं पाटावर बसले आणि तोंड पाण्यात घातलं.

दार पुन्हा उघडलं. माणिकबाई उभ्या होत्या.

"हे काय करून राहिले?"

"सराव."

"कायचा? बादलीत तोंड घालाचा?"

"श्वास सोडायचा, अवं. पाण्यात."

"तं सोडा नं. धरला कोणी?"

किसनराव चिडले. त्यांनी पुन्हा तोंड घातलं, सारा जोर लावला आणि एकदाची भक्कन हवा सुटली. निम्मं पाणी नाकात गेलं. ते खोकत खोकत वर आले तेव्हा माणिकबाई बादलीकडे बघत होत्या, नवऱ्याकडे नाही.

"व माय! अख्खी बादली उष्टी केली! नळ परवा येते, माहीत हाय नं? आता टाका हे तुळशीच्या कुंडीत... नाही, तुळशीत नका टाकू. कडूनिंबाले टाका."

त्या गेल्या. किसनराव पाटावर तसेच बसून राहिले. हनुवटीवरून पाणी गळत होतं.

उष्टी.

बागेतली विहीर ही पोहायची विहीर नव्हतीच. ती पिण्याची होती. घर तिचं पाणी प्यायचं, मजूर प्यायचे, रस्त्यानं जाणारेही थांबून प्यायचे. उन्हाळ्यात पोरांना उतरायला मिळे ते बाबांच्या मेहेरबानीनं, आणि एकाच अटीवर. पाठीला रिकामा डबा बांधताना बाबा दर वेळी तीच अट सांगायचे: "तोंड बंद. पान्यात फुंकाचं नाही, थुकाचं नाही. सारं घर पेते हे पानी." एकदा किसनानं गंमत म्हणून पाण्यात फुर्रर केलं होतं. बाबांनी दोरानं वर ओढला, ओल्या पाठीत धपाटा घातला, आणि पोरांना पुन्हा विहीर दिसली ती पुढच्या उन्हाळ्यातच. त्याच्यामुळे नत्थूचंही पोहणं बंद झालं होतं, आणि नत्थूनं तो हिशेब घराच्या मागे वेगळा चुकता केला होता. त्या विहिरीवर शिकलेलं प्रत्येक पोर मान वर काढून पोहायचं.

किसनरावांना एकदम हलकं वाटलं. रोग सापडला होता. दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी आचलला गाठलं आणि सगळं सांगितलं. इतकं सलग ते तीन महिन्यांत तिच्याशी बोलले नव्हते.

आचलनं कमरेवर हात ठेवून शांतपणे ऐकलं. ती अमरावतीतच वाढलेली, विद्यापीठाकडून पोहलेली. विहीर तिनं वरून वाकून पाहिली असेल तेवढीच.

"काका," ती म्हणाली, "ह्या तलावात संध्याकाळच्या बॅचले शंभरेक लेकरं उतरतात. एकही लेकरू मुतासाठी बाहेर येत नाही. तुमच्या फुंकरीनं आता याचं काय उष्टं होते? सोडा बिनधास्त!"

डोमाजींनी नुकतीच तलावाच्याच पाण्यानं चूळ भरली होती. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुन्हा सगळे हसले. किसनरावही हसायला गेले, पण चेहऱ्यानं साथ दिली नाही. त्यांना वाटलं होतं, कारण कळल्यावर ही पोरगी म्हणेल, अच्छा, असं आहे होय! पण तिला कारणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला बुडबुडे हवे होते.

आणि बुडबुडे काही येईनात. हे पिण्याचं पाणी नाही, हे पिण्याचं पाणी नाही, असं घोकत किसनराव तोंड आत घालत. कारण सापडलं होतं. पण ते ओठांना कळवणार कोण?

आठवडाभरानं आचलचाही धीर सुटला.

"काका, लहान लेकरांले मी सांगतलं की ते करतात. तुमी मोठे मानसं आधी कारण विचारता, मंग कारण सांगता, मंग जसं करत होते तसंच करता! उत्तमकाकाले काहीच येत नव्हतं, म्हणून ते शिकले. तुम्हाले पोहता येते नं, तोच सारा घोटाळा हाय."

"मग मी येऊच नको का?" किसनराव म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा चढला होता. "बासष्ट वर्षांचा आहे मी. शिटी वाजवून हाकायला बैल नाही."

आचलचा चेहरा लाल झाला. ती कपड्यांसकट शिडीवरून पाण्यात उतरली, किसनरावांच्या शेजारी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तोंड नका उघडू."

"म्हणजे?"

"तुमच्या बाबांनी तोंड बंद ठेव म्हटलं होतं. ठेवा बंद. नाकानं हूंऽऽ करा. गोठ्यातल्या म्हशीवानी. हुंकाराले तोंड कायले लागते?"

किसनरावांनी रागातच तोंड पाण्यात घातलं आणि रागातच हुंकार दिला. कानांच्या आत घुमलं. नाकाजवळ काहीतरी गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. ते वर आले तेव्हा आचल दोन्ही हातांनी पाण्यावर थापा मारत होती.

त्या दिवसापासून किसनराव म्हशीसारखे हुंकारत पोहू लागले. पण पोहणं म्हणजे केवढा उपद्व्याप झाला! हुंकार द्या, हात टाका, वळा, तोंड उघडा, हवा घ्या, तोंड मिटा, पुन्हा हुंकार. पूर्वी ज्याचा विचारही करावा लागत नव्हता ते आता पाढ्यासारखं म्हणत करावं लागे, आणि एक घर चुकलं की सगळं कोसळे. गती निम्म्यावर आली. रात्री पाठ दुखे. माणिकबाई म्हणाल्या, "झोपेतबी हूं हूं करून राहिले. मी समजली, तुमी मले होकार देऊन राहिले."

चौथी जागा ठरवायला आचलनं रविवारची सकाळ मुक्रर केली. जाऊन येऊन दोन फेऱ्या. डोमाजींच्या हातात मोबाईल, वेळ मोजायला.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "मुंडकं वर काढून पोहलेला मानूस मी अकोल्याले नेणार नाही. मागच्या साली एकजण तसाच गेला, अर्ध्यात दोरीले लटकला अन् चौघांचंही गेलं."

शिटी झाली. पहिली फेरी दोघं बरोबरीनं गेले. भिंतीपाशी वळताना उत्तमराव हातभर पुढे निघाले. किसनरावांना एका कुशीवर श्वास घेताना त्यांचे पाय दिसत होते, पांढरेफटक, बँकेच्या टेबलाखाली जन्म काढलेले. त्यांना गाठणं अगदी सोपं होतं. मान वर काढायची आणि आठ-दहा हात जुन्या जोरानं मारायचे. आज दमही शाबूत होता. मॅडम ओरडेल, पण वेळ ती वेळ. डोमाजी मोबाईलमध्ये जे दिसेल ते सगळ्यांसमोर वाचतील, मग तिला तरी काय करता येईल? नत्थुजी अकोल्यात त्या दिवसाची वाट बघत आहेत.

एवढा सगळा विचार किसनरावांनी तोंड पाण्यात ठेवूनच केला. मान काही वर गेली नाही. का गेली नाही, ते त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. हुंकार चालू होता, हवा येत होती, जात होती, आणि ती साखळी तोडायला हात धजला नाही, एवढंच.

उत्तमराव पाच-सहा हातांनी जिंकले.

"जमलं!" आचल काठानं धावत आली. "काका, जमलं! पाहा, दम लागला का? नाही लागला! अख्ख्या दोन फेऱ्या!" आणि त्याच दमात, मागे वळून, "टीममध्ये उत्तमकाका. किसनकाका राखीव."

किसनराव नळीला धरून उभे राहिले. खरंच, दम लागला नव्हता. त्यामुळे बोलायला काही अडचण नव्हती.

"मॅडम, मान वर काढली असती तर मी जिंकलो असतो."

"माहीत हाय मले."

"माहीत आहे?"

"मंग! दुसऱ्या फेरीले मी तेच पाहून राहिली होती, आता काढतात का मंग काढतात."

"आणि काढली असती, तर?"

"तं मी ओरडली असती. अन् मंग..." ती थांबली. गळ्यातल्या शिटीशी चाळा करत म्हणाली, "मंग काय केलं असतं ते मले नाही माहीत. वेळ तं तुमचीच कमी आली असती."

म्हणजे जुन्या रीतीनं पोहलो असतो तर कदाचित जागा मिळाली असती, आणि तिनं शिकवलं तसं पोहलो म्हणून गेली. किसनरावांना हे इतकं अन्यायाचं वाटलं की कुणाचा अन्याय, हेही सुचेना. उत्तमरावांचा? ते बिचारे आचलनं शिकवलं तसेच पोहले होते. आचलचा? तिनं तर आधीच सांगून ठेवलं होतं.

परतताना उत्तमराव नेहमीसारखेच किसनरावांच्या स्कूटरवर मागे बसले होते. इर्विन चौक ओलांडला.

"किसनभाऊ," मागून आवाज आला, "माझ्या जागी तुमी जा. मी मॅडमले सांगतो, पोट बिघडलं."

"पाय वर घ्या."

"अजी, मनापासून सांगून राहिलो..."

"पाय वर घ्या म्हणतो, खड्डा आहे."

अकोल्याला फोन करायचं राहून जात होतं. एकदा केला, तर गजेंद्रनं उचलला. "काका, बाबा लय खूश हायेत. फिजियोवाल्याले सांगून राहिले, माझा भाऊ येते अमरावतीहून, मले तेवढं बसता आलं पाहिजे." किसनरावांनी तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. ऊन इतकं तापलंय, ते काही यायचे नाहीत, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच सगळे भाड्याच्या मॅजिक गाडीत बसून निघाले. मूर्तिजापूरला चहा झाला. चौघांना आचलनं पिवळ्या टोप्या वाटल्या. चारच होत्या. किसनरावांकडे पाण्याच्या बाटल्या आणि टॉवेलांची पिशवी आली.

अकोल्याच्या तलावावर नऊलाच फरशी पायांना चटके देत होती. एका बाजूला पत्र्याची शेड आणि बाकं. शर्यत पुकारली जायच्या सुमारास किसनरावांनी सहज समोर पाहिलं आणि हातातली बाटली घट्ट धरली. पहिल्या बाकावर, डोक्यावर ओला पंचा घेतलेले नत्थुजी बसले होते. दोन्ही हात काठीवर. गजेंद्र त्यांना बसवून गाडी सावलीत लावायला चालला होता.

आता जावं आणि सांगावं. पण शिटी झाली. एवढी शर्यत झाली की जाऊ, किसनराव मनाशी म्हणाले आणि खांबाच्या आड सरकले.

पहिले दोघं जाऊन आले. तिसरे उत्तमराव. त्यांनी उडी बरी घेतली आणि शिकवल्याप्रमाणे तोंड पाण्यात घालून निघाले. पिवळी टोपी, काळा चष्मा, पाण्यावर दिसत होती ती पाठ आणि थोडं पोट. साठीतल्या कुठल्याही माणसाचं असावं तसं.

तोच समोरून आवाज आला. सत्तरीतल्या, कंबर गेलेल्या माणसात हा आवाज कुठं लपून बसला होता कोण जाणे.

"किसनाऽऽ! मुंडी वर! मुंडी वर काढ, किसना!"

लोक वळून बघू लागले. नत्थुजी काठी आपटत अर्धे उभे राहिले होते. "अबे, बुडशील! मुंडी वर!"

खांबाआड किसनरावांनी डोळे मिटून घेतले. उत्तमरावांना अर्थातच काही ऐकू गेलं नाही. ते शांतपणे बुडबुडे सोडत जाऊन आले. टीम पाचांत चौथी आली. पण चौघंही पूर्ण पोहले म्हणून आचल काठावर नाचत होती.

किसनराव तलावाला वळसा घालून भावापाशी गेले. नत्थुजी घामाघूम झाले होते. त्यांनी वर पाहिलं. कोरडे केस, कोरडा शर्ट, हातातली पिशवी हे सगळं डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसलं नाही.

"असा काहून पोयला बे?" ते म्हणाले. "पोयनं इसरला काय? आपन काय असे पोयत होतो? तोंड पान्यात घालून! चांगलं शिकवलं होतं तुले बाबांनी. शहरात जाऊन थेबी घालवलं."

उत्तमरावांच्या पोहण्यासाठी आपण बोलणी खातोय, हे कळायला किसनरावांना क्षणभर लागलं. हो म्हणून सोडून देता आलं असतं. नत्थुजी घरी जाऊन सुनेला सांगतील, किसना वाईट पोहला, पण पोहला.

"तो मी नव्हतो, भाऊ."

"काय?"

"तो उत्तमराव होता. माझी निवड झाली नाही. मी राखीव आहे."

"राखीव म्हंजे?"

"कोणाला काही झालं तर."

"अन् झालं नाही कोणाले काही."

"नाही."

नत्थुजींनी डोक्यावरचा पंचा काढला, तोंड पुसलं, पुन्हा डोक्यावर टाकला. "मंग मले एवढ्या उन्हात कायले बोलावलं?"

तेवढ्यात आचल पाण्याची बाटली मागायला आली, आणि हे थोरले भाऊ आहेत हे कळताच तिनं वाकून नमस्कार केला. नत्थुजींनी तिला आशीर्वाद दिला नाही.

"तूच का याची मास्तरीन? याले पोयता येत होतं, बाई. काय केलं तुमी याचं?"

"आता जास्त चांगलं येते, आजोबा. फक्त हळू येते."

"हळू! इहिरीत हा मासोळीवानी जाये!"

किसनरावांनी चमकून भावाकडे पाहिलं. हे वाक्य नत्थुजी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते, आणि तेही भांडणात, दुसऱ्याच कुणाला. आचलही काही मागे हटणारी नव्हती. "अन् अर्ध्यात थके, ते सांगा नं! मान वर अन् पाय खाली!"

"कोन थके? दाखवजो मले!"

माइकवरून जेवणाची सुट्टी जाहीर झाली. तोपर्यंत कुणाला पाण्यात उतरायचं तर उतरा, असंही सांगण्यात आलं. नत्थुजींनी काठीनं तलावाकडे बोट दाखवलं. "उतर. मी आता पाहूनच जातो."

किसनरावांनी पिशवी खाली ठेवली, शर्ट-पँट काढली. राखीव म्हणून पोहण्याची चड्डी आतून होतीच. उत्तमराव धावत आले आणि आपली ओली टोपी त्यांच्या डोक्यावर चढवून गेले.

ते शिडीवरून उतरले. हुंकार देऊन तोंड आत घातलं आणि निघाले. दर वळणाला एक कान बाहेर यायचा आणि त्यात अर्धं वाक्य शिरायचं. "मुंडी व..." पुन्हा पाणी. "...आत, काका, डोकं आ..." पुन्हा पाणी. "अबे किसना..." तलावाच्या मध्यावर त्यांची मान त्यांना न विचारता वर आली. तेव्हा हुंकार अर्धा उरला होता. तो वर सोडायचा की पाण्यात, हे शरीराला ठरवता आलं नाही. पाणी नाकातून सरळ कपाळात चढलं. ते ठसकले, हातपाय वेडेवाकडे झाले आणि हात दोरीकडे गेला.

"पाहा! सांगतलं होतं मी!" एका काठावरून नत्थुजी. ते उठून चालू लागले होते, गजेंद्रच्या खांद्यावर एक हात.

"पाहा! मान वर काढली की हेच होते!" दुसऱ्या काठावरून आचल.

किसनराव दोरीला धरून खोकत राहिले. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. त्यांना एकदम दोघांचाही असा काही संताप आला की खोकलाच थांबला. विहीर ह्यांची, तलाव तिचा, आणि मध्ये आपण कोण? त्यांनी दोरी सोडली, मान मागे टाकली आणि उताणे झाले.

कान पाण्याखाली गेले. दोन्ही आवाज एकदम बंद पडले.

वर नुसतं पांढरं, तापलेलं आभाळ होतं. किसनराव पाय हलवू लागले. नाक उघडं होतं, तोंड उघडं होतं. हवा वाटेल तेव्हा येत होती, वाटेल तेव्हा जात होती. आपण सरळ चाललोय की तिरके, हे काही कळत नव्हतं. मधूनमधून हाताला दोरी लागे आणि ते थोडे इकडे सरकत. डोळ्यांच्या एका कोपऱ्यात नत्थुजींची काठी उंच झालेली दिसत होती, दुसऱ्या कोपऱ्यात आचलचे हात गरागरा फिरत होते. दोघांचीही तोंडं चालू होती. मागे कुठंतरी भिंत होती. ती डोक्याला लागली की उभं राहावं लागणार होतं आणि मग दोघांचंही सगळं ऐकून घ्यावं लागणार होतं.

किसनरावांनी पाय आणखी हळू केले.